काळधोंडीचं नरसाळं

काळधोंडी ग्राम विद्यापीठात सकाळची प्रार्थना नव्हती. साडेआठची घंटा झाली की एकशे चाळीस पोरंपोरी आणि नऊ मास्तर पटांगणात उभे राहत. शिपाई हरिसिंग राठोड पावसाच्या खांबाशी जाई, नरसाळ्याखालची बाटली काढी, काचेच्या मापात उलटी करी आणि आकडा सांगे. तो आकडा सगळे एका सुरात परत म्हणत. पावसाळ्यात 'एक इंच वीस सेंट' असं काही असे; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग. बाकीचे आठ महिने नुसतं 'शून्य'. चैत्रात पायाखालचा धोंडा भाजत असताना दीडशे माणसं गंभीर तोंडानं शून्य म्हणतात, ही गंमत बघायला फुलसावंगीहून रिकामटेकडे लोक चार कोस चालत येत.

"विद्यापीठ म्हणे," ते हसत. "पीठ त आमच्या चक्कीवर बी भेटते. अन् थे शून्य नसते."

हरिसिंगला या हसण्याचं काही वाटत नसे. सेहेचाळीस साली संस्थापक अप्पाजींनी हा खांब पुरला, तेव्हा माती दाबायला तोच होता. नरसाळं कलकत्त्याहून आलेलं, तांब्याचं, वर पितळी कड, अंगावर ठोकलेला '५' – तोंड पाच इंची, अशी ती खूण. भिंतीवर अप्पाजींचं वाक्य रंगवलेलं होतं: 'ज्याला शून्याला शून्य म्हणता आलं, त्याला पुढे खोटं बोलावं लागत नाही.' या सतरा वर्षांत राज्यं चार झाली, नागपूरची राजधानी गेली, मुंबईची आली, इंचाचे मिलिमीटर झाले. विद्यापीठानं इंच सोडला नाही की वाचनाचा एक दिवस सोडला नाही. सगळी दुनिया बदलली, काळधोंडी बदलली नाही, असं प्राचार्य नानाजी दर स्नेहसंमेलनात म्हणत, आणि तसं म्हणताना हरिसिंगकडे हात करत.

पण नानाजींनी अलीकडे आणखी एक गोष्ट म्हणायला सुरुवात केली होती.

त्रेपन्न सालापर्यंत काळधोंडीवर वर्षाकाठी सरासरी चाळीस इंच पाऊस पडे. चोपन्नपासून तो साडेबत्तीसवर आला आणि तिथंच राहिला. आता हरिसिंग इथं आधीपासून होता, पण त्याचा तांडा त्रेपन्न सालीच विद्यापीठामागच्या टेकडीवर येऊन बसला होता. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर माल लादून फिरलेली माणसं, जमीन मिळाली तशी साठ घरं बांधून शेतीला लागली होती. घरं बांधायची तर झाडं तोडावी लागली. नानाजींनी दोन गोष्टी जुळवल्या, त्यावर चाळीस पानी लेख लिहिला, तो नागपुरात वाचून दाखवला. तांड्यानं झाडं खाल्ली, झाडांनी पाऊस नेला. लेख सरकारदरबारी गेला. आता येत्या सोमवारी वनखात्याचे मोठे साहेब येणार होते. सकाळचं वाचन बघायचं, नोंदी तपासायच्या आणि तांडा टेकडीवरून उठवून नदीपलीकडच्या खडकावर न्यायचा की नाही ते ठरवायचं.

फुलसावंगीच्या बाजारात तांड्याची बाई दिसली की पोरं ओरडत, "पाऊस खाणारी आली." हरिसिंगची बायको भुरीबाई एकदा आरसे लावलेला पदर सावरत थांबली आणि म्हणाली, "खाल्ला. तुमच्या बापाच्या शेतावरचा सोडून सगळा खाल्ला." त्या दिवसापासून दुकानदार तिला मीठ देताना हात आखडू लागला.

हरिसिंग या सगळ्यात गप्प असे. त्याचं तोंड शिवायला एक जुनं कारण होतं.

चोपन्नच्या मे महिन्यात, सुट्टीत, विद्यापीठाच्या म्हशीनं खांब पाडला आणि नरसाळ्यावर पाय दिला. म्हैस बांधायचं काम हरिसिंगचं होतं. कड फाटली, तोंड चेपलं. अप्पाजी तेव्हा जिवंत होते आणि अंथरुणाला खिळलेले होते. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि म्हातारा कदाचित त्याच धक्क्यानं गेला असता. असं हरिसिंगनं स्वतःला समजावलं. त्यानं नरसाळं धोतरात गुंडाळून महागावच्या बाजारात कल्हईवाल्याकडे नेलं. कल्हईवाल्यानं कडेचा दीड इंचाचा फाटका तुकडा कापून काढला, दोन टोकं आणून जोडली, तांबं ठोकून बसवलं. तीन दिवसांनी नरसाळं खांबावर परत आलं. त्या तीन दिवसांत हरिसिंगनं रिकाम्या खांबाजवळ उभं राहून, सुट्टीत मागे राहिलेल्या सात पोरांना 'शून्य' सांगितलं होतं. आणि ते खरंच होतं. पाऊस कुठं होता?

एवढंच ते पाप. नऊ वर्षांत कुणाला कळलं नाही. मग विमलताई आल्या.

त्या नागपूरच्या. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या. वय तीसच्या आत, आवाज हळू, चप्पल झिजलेली. दिवाळीनंतर रुजू झाल्या आणि पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू मोजत सुटल्या. वजनं वजनांशी ताडली, फूटपट्ट्या एकमेकींवर ठेवल्या. तीन फूटपट्ट्या त्यांनी 'चूक' अशी चिठ्ठी लावून वेगळ्या काढल्या. कारकून बबनराव पान चघळत म्हणाले, "बाई, या पट्ट्यायनं सहा वर्षं पोरं पास झाली."

"पोरं झाली असतील," विमलताई म्हणाल्या. "पट्ट्या नापास आहेत."

हरिसिंगला ही बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही. पोरांना ती ओरडत नसे, त्यामुळे तिला कधी राग येतो ते कळत नसे. जानेवारीच्या एका दुपारी तो नळाशी हंडा भरत होता आणि त्यानं बघितलं, ती खांबाशी उभी आहे. तिच्या हातात सरकत्या जबड्याचं पितळी मापयंत्र होतं. ते तिनं नरसाळ्याच्या तोंडाला एकदा लावलं, मग फिरवून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. वहीत काहीतरी लिहिलं. मग बोटाच्या नखानं कडेवरची एक जागा खरवडली. नेमकी तीच जागा.

हरिसिंगचा हंडा भरून वाहू लागला.

"बाई, त्याले हात नाई लावत कोनी," तो जवळ येऊन म्हणाला. "अप्पाजीचं हाय थे."

"इथं डाग दिला आहे, हरिसिंग. जोड आहे. कुणी दिला?"

"मले काय माहीत? मी शिपाई मानूस."

"सतरा वर्षं तुम्हीच बघता ना हे?"

"आकडा पाह्यतो जी. डाग नाई पाह्यत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, फूटपट्टीकडे बघावं तशी. हरिसिंगच्या मनात आलं, हिच्या हातून एखादी शिशी पडून फुटावी आणि हिनंच ती लपवावी, म्हणजे हिला कळेल.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन तो नानाजींच्या खोलीत गेला तेव्हा विमलताई टेबलासमोर उभ्या होत्या. बसायला सांगितलेलं नव्हतं. बबनराव खिडकीत होते.

"महागाव तहसिलीच्या नोंदी मी मागवल्या," त्या सांगत होत्या. "त्रेपन्नपर्यंत त्यांचा आकडा आणि आपला आकडा जवळजवळ सारखा येतो. चोपन्नपासून त्यांचे शंभर तर आपले एक्याऐंशी. ओल्या वर्षी एक्याऐंशी, कोरड्या वर्षीही एक्याऐंशी. झाडं तुटल्यानं पाऊस कमी झाला असता तर एखाद्या वर्षी फार घटला असता, एखाद्या वर्षी थोडा. इतका हिशेबानं पाऊस कमी होत नाही, नानाजी. कमी होतं ते नरसाळं. त्याचं तोंड साडेचार इंच आहे."

"त्यावर पाच ठोकलेलं आहे."

"ठोकलेलं आहे. मोजलं तर साडेचार भरतं."

नानाजींनी चष्मा काढून पुसला. ते कधी ओरडत नसत. "तुम्हाला इथं तीन महिनेही झाले नाहीत. नेमणूक अजून कच्ची आहे. अप्पाजींनी स्वतः आणलेल्या वस्तूला तुम्ही यंत्र लावता, माझ्या नऊ वर्षांच्या कामाला लावता, ते कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. मोजायचं काम माझं आहे."

"टेकडीवरच्यायशी काही देणंघेणं असल बाईचं," बबनराव खिडकीतून म्हणाले. "भुरीबाई ताक नेऊन देते म्हणे खोलीवर."

विमलताईंनी त्यांच्याकडे मान वळवली नाही. "कड दुरुस्त करताना लहान झाली असेल. ज्यानं दुरुस्त करून आणली तो माणूस पुढे आला तर वादच नाही."

"असा माणूस नाही," नानाजी म्हणाले. "या विद्यापीठात वस्तू लपूनछपून दुरुस्त होत नाहीत. तीच तर आपली परंपरा आहे. हरिसिंग, सांग बाईंना. नरसाळं कधी दुरुस्त झालं?"

त्यानं कप टेबलावर ठेवला. "नाई जी," हरिसिंग म्हणाला. "कधीच नाई."

"ऐकलंत? सोमवारी साहेबांसमोर तुम्ही प्रयोगशाळेतच थांबा. आणि त्या खांबाजवळ पुन्हा दिसू नका."

संध्याकाळी प्रयोगशाळा झाडायला हरिसिंग गेला तेव्हा टेबलावर दोन पत्र्याचे डबे होते, एक रुंद तोंडाचा, एक अरुंद. विमलताई खिडकीशी उत्तरपत्रिका तपासत होत्या. तो झाडत राहिला. डब्यांकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं बघितलं.

"कायले मांडले हे?"

"उद्याच्या तासाला," त्या वर न बघता म्हणाल्या. "पाऊस पडला तर कुठल्या डब्यात जास्त पाणी येईल?"

"मोठ्यात. हे त लेकरू बी सांगते."

"आणि मोठ्या डब्याच्या हिशेबानं आखलेलं माप घेऊन लहान डब्यातलं पाणी मोजलं तर?"

हरिसिंगचा झाडू थांबला. काचेच्या मापावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पाच इंची तोंडासाठी. ती अक्षरं त्यानं सतरा वर्षं पुसली होती. तो हळूच स्टुलावर बसला. शिपायानं बसू नये अशा स्टुलावर.

"म्हंजे पानी तेवढंच पडलं," तो म्हणाला. "नरसाळ्यानं कमी धरलं."

"हो."

"अन् तांड्यावर नाव आलं."

विमलताईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही केलंत का ते, हरिसिंग?"

तेव्हा त्याला तिचा असा संताप आला की झाडू फेकून मारावासा वाटला. हिला काय जातं? ही नागपूरला जाईल, दुसरं कॉलेज बघेल. "तुमी कायले आल्या इथं?" तो उठत म्हणाला. "नऊ वर्षं काही नव्हतं. तुमी आल्या अन् मोजून राह्यल्या."

"मी आले नसते तरी सोमवारी साहेब आलेच असते," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा उत्तरपत्रिका ओढली. त्याला एवढंही समाधान नाही की ती चिडली.

रविवारी तांड्यावर डोंगरसिंग नायकाच्या अंगणात बैठक बसली. नायक सत्तरीचा, मिशा पांढऱ्या, बोलताना चिलमीनं जमिनीवर रेघा मारणारा. खडकावर विहीर लागत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन जण म्हणाले, साहेबाच्या पायावर डोकं ठेवू. एक म्हणाला, जीपखाली पडू.

"हरिसिंग," नायक म्हणाला, "तू त्यायचाच मानूस. रोज तोंडानं आकडा तूच सांगतं. खरंच कमी झाला का रे पानी?"

"आकडा कमी येते," हरिसिंग म्हणाला.

"मी आकडा नाई विचारला."

हरिसिंग उठून घरी आला आणि जेवायला बसला. भुरीबाई चुलीशी बसून तवा खरवडत होती. हातात पितळेची वाकडी पट्टी, दीड इंचाची, एका बाजूनं झिजून धार आलेली. अप्पाजींच्या कडेचा तो तुकडा टाकवला नाही म्हणून नऊ वर्षांपूर्वी त्यानं घरी आणला होता. ठेवायला जागा नाही म्हणून तो तिच्या हाती गेला होता. रोज भाकरी झाली की तो तुकडा तव्यावर करकरत असे, आणि रोज हरिसिंग तो आवाज ऐकत जेवत असे.

"दे थे," तो म्हणाला.

"कायले? तवा अर्धा रायला."

"दे म्हणतो ना."

तिनं दिला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. म्हैस, महागाव, कल्हईवाला. ती ऐकत होती आणि तिच्या हातातल्या बांगड्या मुळीच वाजत नव्हत्या.

"बाजारात माह्यावर थुंकले लोक," ती शेवटी म्हणाली. "अन् तू पगार आणत होता."

"तोंड दाबून धरलं होतं मी."

"दाबाचंच होतं त साऱ्या तांड्याचं कायले दाबलं?" ती उठली आणि त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून आत घेऊन गेली. त्यात अर्धी भाकरी होती.

सोमवारी थंडी चांगली होती. साहेब जीपनं आले. जाड कोट, हातात फायलींची पिशवी. नानाजींनी त्यांना खांबासमोर उभं केलं, अप्पाजींचं वाक्य दाखवलं. तांड्याचे पाचसात जण कुंपणाबाहेर उभे होते. त्यांना आत येऊ दिलं नव्हतं. विमलताई प्रयोगशाळेच्या दारात होत्या, उंबऱ्याच्या आत, सांगितल्याप्रमाणे.

घंटा झाली. हरिसिंगनं बाटली काढली. तिच्यात काही असण्याचं कारण नव्हतं. गेल्या साडेतीन महिन्यांत ढग आला नव्हता. त्यानं ती मापात उलटी केली, माप डोळ्यांसमोर धरलं. दीडशे तोंडं 'शून्य' म्हणायला तयार झाली.

"साडेचार इंच," हरिसिंग म्हणाला.

"साडेचार इंच," सगळ्यांनी एका सुरात म्हटलं.

सतरा वर्षांची सवय. शब्द तोंडातून निघून गेल्यावर पोरांनी आभाळाकडे बघितलं. आभाळ धुतल्यासारखं कोरडं होतं. मागच्या रांगेत कुणी तरी फसकन हसलं आणि थांबलं. मराठीच्या मास्तरांनीही म्हटलं होतं. ते आपला गळा चाचपू लागले.

"हरिसिंग," नानाजी म्हणाले, "नीट बघून पुन्हा सांग."

"साडेचार इंच," तो म्हणाला, आणि या वेळी फक्त पुढच्या रांगेतल्या लहान मुलींनी परत म्हटलं. "पानी नाई जी. पानी शून्यच हाय. हे नरसाळ्याच्या तोंडाचं माप हाय." त्यानं बंडीच्या खिशातून पितळेचा तुकडा काढला. "अन् हा त्याचा दीड इंच. चोपन्नमंदी म्हशीनं पाय देल्ला. म्हैस मी बांधली नव्हती. मी महागावले नेऊन जोडून आनलं. कोनाले नाई सांगतलं. या पटांगणात मी नऊ वर्षं चुकीचा आकडा सांगून राह्यलो अन् तुमी सारे म्हणून राह्यले."

"याला आवाराबाहेर काढा," नानाजी बबनरावांना म्हणाले. आवाज तसाच हळू.

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांनी कोटाच्या खिशातून लाकूड मोजायची फीत काढली. नरसाळ्याच्या तोंडावरून आडवी धरली, मग उभी. तुकडा कडेच्या डागाशी नेऊन बघितला. जाडी तीच, कडेवरची कोरलेली बारीक रेघ तीच. फाईल उघडली, काही लिहिलं नाही, पुन्हा बंद केली. "हिशेब कुणी केला आहे का?"

तेव्हा प्रयोगशाळेच्या दारातून, उंबरा न ओलांडता, विमलताई म्हणाल्या, "साडेचारचा वर्ग वीस पूर्णांक पंचवीस शतांश, भागिले पाचचा वर्ग पंचवीस. शंभरात एक्याऐंशी. महागावच्या नोंदी माझ्याकडे आहेत."

"पाऊस कमी झालेला आहे," नानाजी म्हणाले. "नरसाळं काही सांगो."

साहेबांनी तुकडा रुमालात बांधून फायलींच्या पिशवीत टाकला. जाताना कुंपणाशी थांबून ते नायकाला एवढंच म्हणाले, "तूर्त कुणी कुठं जायचं नाही."

हरिसिंगचा राजीनामा बबनरावांनी लिहून तयार ठेवला होता; त्यानं त्यावर सही केली. अक्षर त्याला अप्पाजींनीच शिकवलं होतं. विमलताईंची नेमणूक एप्रिलमध्ये पक्की झाली नाही. त्या गेल्या त्या दिवशी हरिसिंग फुलसावंगीच्या रस्त्यावर बैलगाडी घेऊन उभा होता. त्या बसल्या. चार कोसांत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मोटार आली तेव्हा त्यानं पेटी वर चढवली आणि म्हणाला, "तुमी नसत्या आल्या त बरं झालं असतं."

"असं तुम्हाला वाटतं?"

"वाटते जी," तो म्हणाला. मग दोराची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली, पेटी पडू नये म्हणून.

तांडा टेकडीवर राहिला. पण महिनाभर हरिसिंगच्या हातची चिलीम कुणी घेतली नाही, आणि नायक त्याच्याशी बोलताना तोंड दुसरीकडे करी. विद्यापीठात नवा शिपाई आला. नरसाळं मात्र तेच राहिलं. अप्पाजींची वस्तू बदलायची नाही, असा ठराव झाला. त्यामुळे काळधोंडी ग्राम विद्यापीठात पाऊस पुढेही कमीच पडत गेला. तोच पाऊस टेकडीवर पुरा पडे.

रोज साडेआठाला वाऱ्यावरून शून्य ऐकू येई. तेव्हा हरिसिंग वखर धरून असे. त्याचे ओठ आपोआप हलत, आणि ते हलले की त्याला स्वतःचाच राग येई.

भुरीबाई त्याच्याशी बोलू लागली ती चैत्रात, तीही तव्यावरून.

"थे पट्टी साहेब परत देणार हाय का नाई?" तिनं विचारलं. "खापरीनं खरवडून खरवडून बोटं गेली माही."